जुना ग्राइंडर पुन्हा कामाला लावताना : नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

जुनी यंत्रे दुरुस्त करण्याची हौस असलेल्या माणसाच्या हाती सर्वांत आधी येते ते यंत्र बहुधा बेंच ग्राइंडर, म्हणजे दोन्ही टोकांना घासण्याची चाके असलेले बाकावरचे यंत्र, असते. त्याचे भाग मोजके असतात, बिडाचा सांगाडा जाड आणि टिकाऊ असतो आणि तो दोन माणसांना उचलता येतो. त्यामुळे लेथ किंवा मिलिंग मशीनच्या तुलनेत हे काम सोपे वाटते आणि बऱ्याच अंशी ते सोपे आहेही. मात्र एक फरक पहिल्या दिवसापासून मनात ठेवावा लागतो. लेथच्या दुरुस्तीत चूक राहिली, तर काम वेडेवाकडे होते. ग्राइंडरच्या दुरुस्तीत चूक राहिली, तर मिनिटाला जवळपास तीन हजार फेरे घेणारे चाक फुटू शकते आणि त्याचे तुकडे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येतात. म्हणून पुढील पायऱ्यांचा क्रम मी चाकाच्या सुरक्षिततेवरून लावला आहे. रंग आणि चकाकी यांना त्यात अगदी शेवटची जागा आहे.

१. यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी

बाहेरचा गंज पाहून घाबरू नका आणि बाहेरचा ताजा रंग पाहून भुलूही नका. मी तर नव्याने रंगवलेल्या जुन्या यंत्राकडे अधिक संशयाने पाहतो, कारण बिडाला गेलेली भेग लांबी (पुट्टी) भरून आणि रंग फासून लपवणे फार सोपे असते. पाय आणि सांगाडा जिथे जुळतात ती जागा, गार्ड (चाकाभोवतीचे संरक्षक कवच) बसवण्याचे कान आणि टूल रेस्टचे (काम टेकवण्याच्या पट्टीचे) कंस बोटाने चाचपून पाहा. त्यानंतर शाफ्टचे, म्हणजे चाके बसतात त्या दांड्याचे, टोक धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. शाफ्ट हाताला खडखडत असेल, तर बेअरिंग गेले आहे. ते बदलता येते. शाफ्ट हाताने फिरवताना एका ठिकाणी जड आणि दुसऱ्या ठिकाणी हलका जात असेल, तर मात्र तो वाकलेला असण्याची शक्यता आहे आणि नवशिक्याने असे यंत्र सोडून दिलेले बरे.

नावपट्टी शाबूत आहे की नाही हे नक्की पाहा. व्होल्टेज, फेज, फ्रीक्वेन्सी आणि फेरे या चार गोष्टी तिच्यावरून कळतात. ६० हर्ट्झसाठी बनलेली मोटर ५० हर्ट्झवर हळू फिरते आणि व्होल्टेज तेवढेच ठेवले तर जास्त तापते. उलट ५० हर्ट्झची मोटर ६० हर्ट्झवर नेली, तर ती सुमारे २० टक्के अधिक वेगाने फिरते आणि तो वाढीव वेग चाकाला सोसावा लागतो.

२. लागणारे साहित्य आणि कागद

हत्यारे फारशी लागत नाहीत, परंतु जी लागतात ती धड असावीत.

- नटाला घट्ट बसणारे रिंग पाने. चापट पाना जुन्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो.
- बेअरिंग पुलर, लाकडी किंवा प्लास्टिकची हातोडी आणि वेगवेगळ्या मापांचे पाइपाचे तुकडे.
- चुंबकी स्टँडसह डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणारे मापयंत्र) आणि व्हर्निअर.
- मल्टिमीटर आणि शक्य झाल्यास ५०० व्होल्टचा मेगर (वाइंडिंगच्या वेष्टनाचा रोध मोजणारे उपकरण).
- तारेचे ब्रश, गंज सोडवणारे तेल, रॉकेल, धुण्याचा सोडा आणि भरपूर चिंध्या.
- पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, बारीक धूळ अडवणारा मास्क आणि हातमोजे. हातमोजे सफाईच्या कामापुरतेच वापरावेत. चाक फिरत असताना ते घालू नयेत, कारण मोज्याचा धागा अडकला की त्यामागून हात ओढला जातो.
- नवीन चाकासाठी ड्रेसर (चाकाची कड खरवडून गोल करणारे हत्यार).

कागदांमध्ये नावपट्टीचे छायाचित्र, यंत्राचे माहितीपुस्तक मिळाल्यास ते, नवीन चाकांवरची लेबले आणि एक वही इतके पुरेसे आहे. प्रत्येक माप, प्रत्येक बेअरिंगचा क्रमांक आणि वायरींची जोडणी वहीत लिहा. तीन आठवड्यांनी पुन्हा जोडायला बसाल, तेव्हा स्मरणशक्तीपेक्षा ती वही अधिक खरे सांगेल.

३. प्लग लावू नका

नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक म्हणजे यंत्र आणल्याबरोबर "चालते का पाहू" म्हणून ते सुरू करणे. मी माझ्या पहिल्या ग्राइंडरच्या बाबतीत हेच केले. आत वर्षानुवर्षे साचलेले ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. मोटरने गुणगुण सुरू केली, शाफ्ट जेमतेम अर्धा फेरा फिरला आणि मी बटण बंद करेपर्यंत जळक्या वार्निशचा वास आला. पूर्ण वेग न आल्यामुळे स्टार्टिंग वाइंडिंग, म्हणजे मोटर सुरू होतानाच लागणारे तारेचे वेटोळे, वीजपुरवठ्यातून सुटलेच नव्हते आणि ते काही सेकंदांत करपले. त्या दिवशी वीज न लावता यंत्र उघडले असते, तर साफसफाईवर भागले असते. त्याऐवजी मोटर पुन्हा गुंडाळून घ्यावी लागली.

म्हणून पहिल्या दिवशी वायर गुंडाळून बांधून ठेवा आणि फक्त छायाचित्रे काढा. प्रत्येक बाजू, प्रत्येक स्क्रू आणि आतली प्रत्येक जोडणी टिपून घ्या. त्यानंतर वरची धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत कधीही मारू नका, कारण ग्राइंडरवरची धूळ ही साधी माती नसून दगडाचे धारदार कण असतात आणि हवेचा झोत तेच कण बेअरिंगमध्ये आणि वाइंडिंगमध्ये खोलवर ढकलतो. गार्डच्या पोकळीत साठलेला गाळ वेगळ्या डब्यात काढा. या यंत्रावर पूर्वी ॲल्युमिनिअम घासले गेले असेल, तर त्याची भुकटी आणि लोखंडाची गंजकी भुकटी यांचे मिश्रण ठिणगीने अतिशय प्रखर पेट घेऊ शकते.

४. चाके उतरवणे : डाव्या बाजूचे उलटे आटे

यंत्रासमोर उभे राहिले असता उजव्या बाजूच्या शाफ्टला नेहमीचे सुलटे आटे असतात आणि डाव्या बाजूला उलटे. चाक सुरू होताना नट सैल न होता घट्ट व्हावा, यासाठी ही योजना केलेली असते. कोणता नट कोणत्या बाजूने फिरवायचा, याचा गोंधळ टाळण्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवा : चाक चालताना ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने नट फिरवला की तो सुटतो. बेंच ग्राइंडरचे चाक वरून तुमच्याकडे येते, म्हणून दोन्ही बाजूंना पाना नटावर उभा लावून त्याचे वरचे टोक स्वतःकडे ओढायचे. हे ठाऊक नसल्यामुळे डावा नट पूर्ण ताकदीने आणखी आवळून शाफ्टचे आटे मारलेली कितीतरी यंत्रे भंगारात गेली आहेत.

नट हलत नसेल, तर आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडून एक रात्र थांबा. शाफ्ट फिरू नये म्हणून चाकाखाली पाचर मारण्याऐवजी दुसऱ्या बाजूचा नट पान्याने धरून ठेवा. त्यामुळे त्या बाजूच्या चाकावर ताण येतो हे खरे, परंतु जुनी चाके पुन्हा वापरायचीच नाहीत. ती किती वेळा पडली, ओलीत किती दिवस राहिली, त्यांच्यावर काय घासले गेले, यांपैकी काहीही तुम्हाला ठाऊक नसते. त्यांच्यावरील लेबलांची माहिती वहीत उतरवा आणि चाके फोडून टाकून द्या, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर चढणार नाहीत.

५. गंज आणि जुना रंग

जुन्या रंगात शिसे असू शकते. त्यामुळे तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नका. रंग काढणारे द्रावण लावून तो मऊ करा आणि खरवडून काढा किंवा ओल्या पॉलिश पेपरने घासा. खरवड वेगळी गोळा करा आणि घातक कचऱ्याच्या नियमानुसार तिची विल्हेवाट लावा.

पाय, गार्ड, टूल रेस्टचे कंस अशा बिडाच्या आणि साध्या पोलादाच्या भागांचा गंज काढण्यासाठी मला विजेची पद्धत सर्वांत आवडते. प्लास्टिकच्या टबमध्ये दर ४ लिटर पाण्याला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडा आणि धन टोकाला साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा लावा. दोन्ही एकमेकांना चिकटणार नाहीत अशा बेताने ते पाण्यात सोडा. काही मिनिटांत भागाभोवती बारीक बुडबुडे उठू लागतात, तासाभरात पाण्यावर तपकिरी फेस धरतो आणि दुसऱ्या दिवशी भाग बाहेर काढला की गंजाच्या जागी एक काळी साय राहिलेली दिसते. ती ब्रशच्या दोन हातांत निघून जाते आणि खाली बिडाचा मूळ करडा रंग उघडा पडतो.

या पद्धतीत काही सापळे आहेत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. बुडबुड्यांमध्ये हायड्रोजन असतो, म्हणून हे काम उघड्यावर करा आणि चिमटे लावण्या-काढण्यापूर्वी चार्जर बंद करा. ॲल्युमिनिअमचे भाग या पाण्यात खाल्ले जातात, तर स्प्रिंगा आणि पाणी देऊन कडक केलेले पोलादी भाग हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊ शकतात, म्हणून या दोहोंना टबापासून दूर ठेवा. धुऊन झालेला भाग लगेच पुसून, गरम करून वाळवा आणि त्याला तेलाचा हात फिरवा. तसे केले नाही, तर तासाभरात त्यावर पिवळसर गंज पुन्हा चढतो.

शाफ्टला मात्र टबात घालू नका. त्यावरचा गंज तेलात भिजवलेल्या अतिशय बारीक घासणीने हलकेच काढा आणि बेअरिंग बसण्याच्या जागा शक्यतो नुसत्या कापडाने पुसा. तिथे दोन शतांश मिलिमीटर जरी घासला गेला, तरी नवीन बेअरिंग सैल बसते.

६. बेअरिंग

बेअरिंगचा क्रमांक त्याच्या कडेवर कोरलेला असतो. बेंच ग्राइंडरमध्ये बहुधा ६२०३, ६२०४ किंवा ६२०५ आढळते. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असतील, तर त्यांना ५ ने गुणले की आतल्या भोकाचे माप मिळते. म्हणजे ६२०४ चे भोक २० मिमी, बाहेरचा व्यास ४७ मिमी आणि रुंदी १४ मिमी असते. ६२०३ चे भोक मात्र १७ मिमी असते. क्रमांक पुसला गेला असेल, तर ही तीन मापे व्हर्निअरने घेतली की काम होते.

जुने बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून पुन्हा वापरावे का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. माझे उत्तर नाही असेच आहे. बेअरिंग हा स्वस्त भाग आहे आणि ग्राइंडरच्या धुळीत राहिलेल्या बेअरिंगच्या खाचांत न दिसणारे चरे पडलेले असतात. नवीन घेताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले घ्या. नुसत्या पत्र्याच्या शील्डमधून दगडाची बारीक धूळ आत शिरते.

बसवताना एक नियम मोडायचा नाही : जी कडी घट्ट बसवायची आहे, तिच्यावरच जोर द्यायचा. शाफ्टवर बेअरिंग चढवताना आतल्या कडीवर पाइपाचा तुकडा टेकवून ठोकावे किंवा दाबावे. बाहेरच्या कडीवर हातोडी मारली, तर तो सगळा धक्का गोळ्यांमधून जातो, खाचांत खळगे पडतात आणि नवेकोरे बेअरिंग पहिल्याच दिवशी गुरगुरू लागते. सील नसलेले बेअरिंग साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत गरम केले, तर ते शाफ्टवर अलगद सरकते. १२० अंशांच्या वर कोणतेही बेअरिंग नेऊ नका. सीलबंद बेअरिंगमध्ये ग्रीस आधीच भरलेले असते, म्हणून ते न तापवता शाफ्ट काही तास फ्रीजरमध्ये ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते. शाफ्टवर धरलेले दव मात्र बसवण्यापूर्वी पुसावे.

झाकण उघडताना एका बाजूला लाटांसारखी वाकवलेली पातळ चकती सापडेल. ती टाकून देण्यासारखी दिसते, पण तिचे काम मोठे आहे. मोटर तापली की शाफ्ट लांबीत किंचित वाढतो आणि ती चकती एका बेअरिंगला तेवढे सरकू देते. ती ज्या बाजूची असेल, त्याच बाजूला परत बसवा.

सर्व जोडून झाल्यावर डायल गेजची टोकणी शाफ्टच्या साफ भागावर टेकवा आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. काटा ०.०३ मिमीच्या आत हलत असेल, तर मी बेंच ग्राइंडरसाठी ते उत्तम मानतो.

७. मोटर आणि वायरिंग

विजेच्या कामाचा सराव नसेल, तर ही पायरी जाणकार माणसाच्या सोबतीने करा. कपॅसिटर असल्यास त्याला हात लावण्यापूर्वी रेझिस्टरमधून तो रिकामा करा. पुरवठा तोडल्यानंतरही त्यात वीज साठलेली राहू शकते. फार जुन्या कपॅसिटरमधील तेल विषारी असू शकते, म्हणून फुगलेला किंवा पाझरणारा कपॅसिटर न उघडता बदला.

कापडी किंवा रबरी वेष्टनाच्या जुन्या वायरी वाकवल्या की वेष्टनाचा भुगा होतो. त्या सगळ्या बदला आणि अर्थिंगची वायर सांगाड्याचा रंग खरवडून उघड्या धातूवर आवळा. रंगावर आवळलेले अर्थिंग नुसते दाखवण्यापुरते असते. वाइंडिंग आणि सांगाडा यांमधील रोध मेगरने मोजा. तो १ मेगओमपेक्षा कमी आला, तर वाइंडिंगने ओल धरलेली असू शकते. मोटर उबदार, कोरड्या जागी दिवसभर वाळवून पुन्हा मोजा. त्यानंतरही आकडा वर आला नाही, तर मोटर गुंडाळणाऱ्याकडे न्या.

स्टार्टिंग वाइंडिंग असलेल्या मोटरीत शाफ्टवर केंद्रोत्सारी स्विच असतो आणि मोटर पूर्ण वेगाच्या साधारण पाऊण हिश्शावर आली की तो ते वाइंडिंग तोडतो. त्याच्या स्प्रिंगा हाताने दाबून मोकळ्या हलतात का आणि संपर्काच्या टिकल्या काळ्या पडल्या आहेत का, हे पाहा. माझ्या पहिल्या यंत्राचा हा स्विचही ग्रीसने जाम झालेला होता. म्हणजे ते यंत्र कसेबसे फिरले असते, तरी त्याचे वाइंडिंग जळालेच असते.

८. वेगाचा हिशेब

पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या ग्राइंडरला मोटर जोडणार असाल, तर ही पायरी वगळू नका. चाकाच्या कडेचा वेग म्हणजे π गुणिले व्यास (मीटरमध्ये) गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ६०. २०० मिमीचे चाक २,८५० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ३० मीटर वेगाने धावते. त्याच शाफ्टवर २५० मिमीचे चाक चढवले, तर कडेचा वेग ३७ मीटरच्या वर जातो. साध्या सिरॅमिक बंधाच्या (बंध म्हणजे चाकाचे कण धरून ठेवणारा पदार्थ) अनेक चाकांवर सेकंदाला ३५ मीटर हीच मर्यादा छापलेली असते. चाकावरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे चुकीच्या पुलीमुळे वेग दुप्पट झाला, तर ताण चौपट होतो. लेबलवरील कमाल फेरे नेहमी तुमच्या शाफ्टच्या फेऱ्यांहून जास्त असले पाहिजेत, याला अपवाद नाही.

९. नवीन चाक : निवडणे, वाजवणे, बसवणे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घासण्याची चाके मुख्यतः वाळूचा दगड, एमरी आणि कुरुंद अशा नैसर्गिक पदार्थांची असत. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले आणि त्यानंतर काही वर्षांतच कृत्रिम ॲल्युमिनिअम ऑक्साइडही आले. आज चाकावर 'ए' लिहिलेले असते ते ॲल्युमिनिअम ऑक्साइडसाठी आणि 'सी' असते ते सिलिकॉन कार्बाइडसाठी. इंग्रजीतले कोरंडम हे नाव तमिळ कुरुंदम आणि संस्कृत कुरुविंद यांच्याकडून गेले आहे, आणि ॲल्युमिनिअम ऑक्साइड हे रासायनिक दृष्टीने कुरुंदच होय. त्यामुळे लेबलवरच्या 'ए'मागचा पदार्थ मराठी माणसाला नावाने तरी परका नाही.

पुढील आकडा कणांच्या बारीकपणाचा असतो. ३६ म्हणजे भरड, ६० म्हणजे मध्यम आणि १०० किंवा पुढे म्हणजे बारीक. त्यानंतरचे अक्षर चाकाचा कडकपणा सांगते, 'ए'कडे मऊ आणि 'झेड'कडे कडक. शेवटी बंधाचे अक्षर येते : 'व्ही' म्हणजे सिरॅमिक, 'बी' म्हणजे रेझिन. हाय-स्पीड स्टीलच्या हत्यारांना धार लावण्यासाठी पांढरे ॲल्युमिनिअम ऑक्साइड, ६० किंवा ८० कणांचे, मऊ ते मध्यम कडकपणाचे घ्या. कार्बाइडच्या टोकांसाठी हिरवे सिलिकॉन कार्बाइड लागते. कडक चाक जास्त दिवस टिकते म्हणून ते घेण्याचा मोह होतो, पण त्याचे बोथट कण गळून पडत नाहीत आणि हत्याराची धार निळी पडून मऊ होते. साध्या करड्या चाकावर ॲल्युमिनिअम आणि पितळ घासू नका. चाकाची छिद्रे धातूने भरतात, चाक तापते आणि त्याला तडा जाऊ शकतो.

आता चाक वाजवून पाहण्याची गोष्ट. मडके वाजवून घ्यावे, तसे सिरॅमिक बंधाचे प्रत्येक चाक, अगदी नवीन असले तरीही, वाजवूनच घ्यायचे असते. चाक कोरडे आणि स्वच्छ असावे. भोकातून बोट किंवा लाकडी दांडी घालून ते लटकते धरा. स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीने, उभ्या मध्यरेषेपासून ४५ अंशांवर, कडेपासून २५ ते ५० मिमी आत, दोन्ही बाजूंना हलकी टिचकी मारा. मग चाक थोडे फिरवून पुन्हा मारा. धड चाक खणखणीत वाजते आणि तो नाद क्षणभर रेंगाळतो. तडा गेलेले चाक बद्द वाजते. माझ्याकडे एकदा जोडीने आलेल्या दोन नव्या चाकांपैकी एक असेच बद्द वाजले. डोळ्यांना त्यात काहीच दिसत नव्हते. खिडकीच्या तिरप्या उजेडात भोकाच्या कडेपासून निघालेली केसाएवढी रेषा अखेर सापडली, ती साधारण अंगठ्याच्या पेराएवढी लांब होती. प्रवासात आपटल्यामुळेच तसे झाले असावे. रेझिन बंधाची चाके मुळातच इतकी स्पष्ट वाजत नाहीत आणि त्यांचा बंध काळानुसार कमकुवत होतो, म्हणून त्यांच्यावर छापलेली मुदत पाहावी.

चाक शाफ्टवर हाताने, जोर न लावता सरकले पाहिजे. भोक घट्ट वाटले तर ते कानशीने वाढवू नका आणि सैल असेल तर मापाची बुशिंग घाला. चाक दोन्हीकडून दाबून धरणारे चकतीसारखे धातूचे फ्लँज एकाच व्यासाचे, चाकाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश आणि मध्यभागी खोलगट असावेत, म्हणजे दाब कडेच्या पट्टीवर सारखा पडतो. चाकाच्या दोन्ही अंगांना चिकटवलेल्या कागदी चकत्या काढून टाकू नका. फ्लँज आणि खडबडीत दगड यांमधील गादीचे काम त्या करतात. नट चाक घसरणार नाही इतकाच आवळा. लांब पाना घेऊन अंगचा जोर काढला, तर चाकाला भोकाजवळ तडा जातो. आत दाबाने ठोकून बनवलेले पातळ फ्लँज असतील आणि चाक बाजूने डुलत असेल, तर लेथवर नीट तासलेले फ्लँज करून घ्या. स्वस्त यंत्रांच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

१०. गार्ड आणि टूल रेस्ट

गार्डशिवाय यंत्र सुरू करू नका, "फक्त एक मिनिट" म्हणूनही नाही. बिडाच्या गार्डला भेग असेल, तर ती सांधत बसू नका, नवीन पोलादी गार्ड बसवा. टूल रेस्ट आणि चाक यांमधील अंतर ३ मिमीपेक्षा जास्त नसावे आणि गार्डच्या तोंडाशी असलेली वरची जीभपट्टी चाकापासून ६ मिमीच्या आत असावी. रेस्टचे अंतर वाढले की लहान काम चाक आणि रेस्ट यांच्या फटीत ओढले जाते आणि चाक फुटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. अंतर लावताना यंत्र बंद आणि चाक थांबलेले हवे.

११. पहिली सुरुवात आणि ड्रेसिंग

पाया बाकाला किंवा जमिनीला बोल्टने आवळा. प्रथम चाकांशिवाय दहा मिनिटे चालवून बेअरिंगचा आवाज ऐका आणि झाकणांना हात लावून ऊब पाहा. मग चाके चढवा, हाताने फिरवून ती कुठे घासत नाहीत याची खात्री करा, चाकाच्या रेषेतून बाजूला उभे राहा, बटण दाबा आणि निदान एक मिनिट तिथेच थांबा. सुरुवातीला थोडी थरथर असणारच, कारण नवीन चाक अगदी मध्यावर बसलेले नसते. चेहऱ्यावर ढाल आणि नाका-तोंडावर मास्क घालून ड्रेसर रेस्टवर टेकवा आणि चाकाच्या कडेवरून सावकाश आडवा फिरवा. सुरुवातीला 'टक-टक' असा तुटक आवाज येतो. तो हळूहळू सलग सुस्काऱ्यासारखा झाला, की चाक गोल झाले. ड्रेसिंगनंतर रेस्टचे अंतर पुन्हा लावावे लागते.

रंग आता द्या, त्यापूर्वी नको. एक थर प्रायमर आणि दोन थर मशीन इनॅमल पुरेसे आहेत. नावपट्टीवर चिकटपट्टी लावायला विसरू नका.

१२. सरफेस ग्राइंडर हाती आला तर

बेंच ग्राइंडर नीट जमला की पुष्कळांची नजर लहान सरफेस ग्राइंडरकडे, म्हणजे सरकत्या टेबलावर काम ठेवून ते सपाट घासणाऱ्या यंत्राकडे, वळते. तिथे मुख्य काळजी टेबलाच्या वाटांची, म्हणजे टेबल ज्यांवरून सरकते त्या पृष्ठभागांची, असते. टेबल गोळ्यांवर किंवा रोलरवर सरकत असेल, तर यंत्र हलवण्यापूर्वी टेबल उचलून वेगळे बांधा. नाहीतर वाटेतल्या हादऱ्यांनी गोळ्यांचे खळगे वाटांवर उमटतात. स्पिंडलला दोर बांधून यंत्र कधीही उचलू नका. वाटा पॉलिश पेपरने घासून चमकवू नका. कागदाचे कण बिडात रुततात आणि पुढे वर्षानुवर्षे घासत राहतात. वाटा बनवताना हाताने खरवडून सपाट केल्याच्या बारीक चंद्रकोरी त्यांवर अजून दिसत असतील, तर झीज कमी आहे असे समजा. त्या फक्त एका टोकाला शिल्लक असतील, तर मधल्या भागाची झीज निळी शाई लावून तपासा.

स्पिंडल साध्या काशाच्या बुशांवर असेल, तर त्याला पातळ स्पिंडल तेलच लागते. जाड तेल घातले की त्या अरुंद फटीत ते तापते आणि स्पिंडल जाम होतो.

चुंबकी चकवरचे, म्हणजे काम चुंबकाने धरून ठेवणाऱ्या पाटीवरचे, जुने चरे पाहून तो लगेच घासून सपाट करावासा वाटतो, पण ते काम अगदी शेवटी करायचे. स्पिंडल, वाटा आणि तेलाची सोय ठीक झाल्याशिवाय चक घासला, तर यंत्राचा दोषच चकमध्ये उतरतो. चकखालची जागा तेलदगडाने खरड काढून साफ करा, चक बसवा, चुंबक सुरू करा, कारण काम करताना तो सुरूच असणार आहे, आणि ताजे ड्रेसिंग केलेल्या मऊ चाकाने दर फेरीला ०.००५ मिमीपेक्षा जास्त न उतरता, भरपूर पाणी सोडून घासा. चकच्या चारही कोपऱ्यांत चाक टेकू लागले, की खाली उतरणे थांबवा आणि ठिणग्या पूर्ण विझेपर्यंत टेबल तसेच पुढे-मागे चालू द्या.